नोटीस आली आहे, गणपतीही जवळ आले आहेत

मालवण तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून ते थोडक्यात देते.

"माझे वय चौतीस. लग्नानंतर दहा वर्षे भांडुपला राहिले. मिस्टर खासगी कंपनीत आहेत, त्यांचे मूळ घर देवगड तालुक्यात. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. पैशांवरून आणि संशयावरून घरात रोजचे वाद होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला एकदा ढकलले होते. गेल्या गणपतीला सगळे गावी आलो, सण झाल्यावर मी मुलांना घेऊन माहेरी आले आणि परत गेले नाही. त्यावर 'तिथेच राहा, मुलांना मात्र पाठव' असा त्यांचा आवाजातला मेसेज आला, तो माझ्या फोनमध्ये आहे. मुलगा इथल्या शाळेत चौथीत जातो. मी काजूच्या कारखान्यात जाते, महिन्याला आठ हजार मिळतात. आता वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाची नोटीस आली आहे. त्यांनी क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागितला आहे आणि दोन्ही मुलांचा ताबाही. भाऊ म्हणतो, नोटीस घेतलीस हेच चुकले, आता तारखेला जाऊ नकोस आणि कारखान्याचे कुठे बोलू नकोस. काका म्हणतात, पोलिसात केस कर, म्हणजे ते वठणीवर येतील. वाडीतली वडीलधारी म्हणतात, बसून मिटवू. मला प्रत्येक तारखेला मुंबईला जावे लागेल का? मुले माझ्याकडून काढून घेतील का? सासरे फोन करून नातवंडांना गणपतीला पाठव म्हणतात. पाठवली आणि परत आली नाहीत तर? मुलगा रोज विचारतो, 'आई, यंदा आपलो गणपती खंय?'"

ताई, भाऊ, काका आणि वाडीतली मंडळी तिघेही आपापल्या परीने तुमच्या काळजीनेच बोलत आहेत, पण तिघांच्याही डोळ्यांसमोर दाव्याचा शेवट आहे. मला तुमचे लक्ष सुरुवातीकडे वळवायचे आहे. हिंदू विवाह कायद्यात असा दावा शक्यतो सहा महिन्यांत संपवावा असे लिहिलेले आहे, तरी लढवलेला घटस्फोटाचा दावा सहा महिन्यांत निकाली निघाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. वर्षे जातात. त्या वर्षांत मुले कोणाकडे राहतील, दुसऱ्या पालकाला कधी आणि कुठे भेटतील, घरखर्चाला किती पैसे येतील, हे सगळे सुरुवातीच्या काही महिन्यांत होणाऱ्या अंतरिम आदेशाने ठरते. मुले त्या आदेशाप्रमाणे जगू लागतात, शाळा आणि मित्र तिथले होतात, आणि पुढे निकालाची वेळ येते तेव्हा न्यायाधीश बसलेली घडी विसकटायला सहसा धजत नाहीत. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली की बदलता येतो हे कायद्याने खरे आहे, पण व्यवहारात पहिला आदेशच फार काळ टिकतो. म्हणून आजपासून त्या पहिल्या आदेशापर्यंत तुम्ही काय करता, काय लिहून देता आणि काय टाळता, याला मी निकालापेक्षा जास्त महत्त्व देते.

भावाचा सल्ला मोडून काढणे सगळ्यांत सोपे आहे. नोटीस घेतली हे उत्तम केले. नाकारली असती तरी बेलिफाने ती दारावर चिकटवली असती, किंवा पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत पाठवली असती, आणि दोन्ही परिस्थितींत नोटीस बजावली गेली असेच धरले गेले असते. तारखेला कोणीच उभे राहिले नाही तर दावा एकतर्फी चालतो आणि पतीने शपथेवर सांगितलेले खोडायला समोर कोणी नसते. असा हुकूमनामा रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी मुदतीत अर्ज करावा लागतो आणि गैरहजेरीचे पटण्याजोगे कारण द्यावे लागते. भावाने जाऊ नको सांगितले, हे ते कारण होत नाही. मधल्या काळात अपिलाची मुदत संपून समोरच्याने दुसरे लग्न केले, तर गुंता किती वाढतो ते मी पाहिले आहे.

आता मुंबईच्या फेऱ्यांचा प्रश्न. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत असे न्यायालय बंधनकारक केले आणि इतरत्र ते शासनाच्या निर्णयावर सोपवले. जिथे स्वतंत्र कुटुंब न्यायालय नाही, तिथे घटस्फोटाचे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्यापुढे चालतात. तुम्ही नवराबायको म्हणून शेवटचे भांडुपला राहिलात, त्यामुळे वांद्र्याला दावा लावण्याचा पतीला अधिकार होता. पत्नी स्वतः दावा लावते तेव्हा ती राहते तिथेही लावू शकते, ही सोय २००३ च्या दुरुस्तीने झाली. परंतु पतीचा घटस्फोटाचा दावा आधी लागलेला असताना तुम्ही सिंधुदुर्गच्या मुख्यालयी, ओरोसला, घटस्फोटाचा उलट दावा लावलात, तर कायद्याप्रमाणे तो दावाच वांद्र्याला जाईल. तुम्हाला घटस्फोट हवा आहे असे तुमच्या पत्रात कुठेही नाही, तेव्हा केवळ शह देण्यासाठी त्या वाटेला जाऊ नका.

वांद्र्याचा दावा सिंधुदुर्गात वर्ग करावा असा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो. पदरात दोन लहान मुले, सुमारे पाचशे किलोमीटरचे अंतर आणि आठ हजारांची कमाई असताना पत्नीच्या गैरसोयीला न्यायालये बरेच वजन देतात. मात्र अलीकडे व्हिडिओवरून हजर राहण्याची सोय वाढल्यापासून काही न्यायाधीश दावा हलवण्याऐवजी ती सोय देतात आणि जेव्हा प्रत्यक्ष यावे लागेल त्या फेऱ्यांचा खर्च पतीवर टाकतात. माझा कल असा आहे की पहिल्या तारखेला वकीलपत्र दाखल करून वांद्र्यालाच उभे राहावे, ताब्याच्या अर्जावर आपले म्हणणे द्यावे, पोटगी आणि दाव्याच्या खर्चाचा अर्ज लावावा, आणि त्यानंतर दावा वर्ग करण्याचे पाहावे. आधी उच्च न्यायालयात गेलात तर ते काम चालू असेपर्यंत खालचे सगळे थांबू शकते आणि पोटगीचा आदेशही लांबतो. जाता जाता एक सांगते. दावा सिंधुदुर्गात आला, तर पुढे उच्च न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आल्यास आता मुंबई गाठावी लागणार नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहेत. घाट चढावा लागेल एवढेच.

वकील कसा परवडेल, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते मनात असणारच. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मालवणच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे किंवा ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नोटिशीची प्रत घेऊन जा. वांद्र्याच्या दाव्यासाठी मुंबईच्या प्राधिकरणाकडून वकील नेमून घ्यावा लागेल, त्याचा मार्ग ते सांगतील. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. कुटुंब न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नसून न्यायालयाच्या परवानगीचा भाग आहे, हे कायद्याच्या तेराव्या कलमात आहे आणि ते वाचून लोक घाबरतात. प्रत्यक्षात लढवलेल्या दाव्यात ही परवानगी मिळते.

पहिल्या एकदोन तारखांतच तुम्हा दोघांना विवाह समुपदेशकाकडे पाठवतील. समेट घडवून आणण्याचा प्रयत्न करणे हे कुटुंब न्यायालयाचे कायद्याने ठरवलेले कर्तव्य आहे, त्यामुळे ही पायरी चुकवता येत नाही. रात्रीच्या कोकणकन्येने एक फेरी करावी लागली तरी ती करा. पुढच्या बैठका व्हिडिओवरून घेण्याची विनंती मग करता येईल. समुपदेशकापुढे बोललेले गोपनीय राहते आणि पुढे साक्षीपुराव्यात वापरले जात नाही, म्हणून तिथे मोकळेपणाने बोला. मात्र बरेच पक्षकार या खोलीत आपली बाजू सिद्ध करायला बसतात आणि ती संधी वाया घालवतात. ही जागा मुलांच्या भेटींचे वेळापत्रक ठरवण्यासाठी सगळ्यांत चांगली आहे, कारण समोर न्यायाधीश नसतात आणि पती-पत्नीला एकमेकांच्या अडचणी वकिलाच्या भाषेशिवाय सांगता येतात. तुम्ही जाताना कागदावर वेळापत्रक लिहूनच न्या. त्याचा मजकूर पुढे सांगते.

तुमची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर, काळजीने लिहून घ्या. न्यायाधीशांचा पहिला प्रश्न असा असेल की मुले वडिलांच्या संमतीवाचून मुंबईच्या घरातून आणि शाळेतून का हलवली. याचे उत्तर तारखांसह आणि जसे घडले तसे द्या: सणाला सगळे मिळून आलो, अमुक दिवशी माहेरी आले, अमुक दिवशी बोलणे झाले, अमुक दिवशी संदेश आला, अमुक दिवशी मुलाचे नाव इथल्या शाळेत घातले. तीन वर्षांपूर्वी एकदा ढकलले, असे तुम्ही मला लिहिले आहे, तर कैफियतीत 'नेहमी मारहाण करीत असे' असे होऊ देऊ नका. वकिलाच्या कार्यालयात अशी वाक्ये छापील मजकुरासारखी तयार असतात, आणि उलटतपासणीत पहिला घाव त्यांच्यावरच पडतो. एका वाढवून सांगितलेल्या वाक्यामुळे दहा खरी वाक्ये संशयात येतात.

तो आवाजातला मेसेज पुसू नका आणि तो ज्या फोनवर आला तो फोन बदलू नका. कुटुंब न्यायालय दाव्याचा निर्णय करायला उपयोगी पडेल असा पुरावा, साक्षीपुराव्याच्या नेहमीच्या नियमांत बसला नाही तरी, घेऊ शकते. पती-पत्नीमधले चोरून केलेले ध्वनिमुद्रणदेखील वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकते असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले. तुमच्याकडे तर त्यांनी स्वतः पाठवलेला संदेश आहे. त्यासोबत नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील तयार करतील. हेच हत्यार उलटेही चालते. रागाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवलेले स्टेटस, दिरांना पाठवलेले चार शब्द, मुलाला पढवून करून घेतलेली चित्रफीत, हे सगळे समोरून दाखल होईल.

पैशांबाबत भावाचे ऐकू नका. राजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिले की पोटगीच्या प्रत्येक अर्जात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यायचे. तुम्ही आठ हजार लपवलेत आणि कारखान्याच्या हजेरीपुस्तकावरून ते उघड झाले, तर पोटगी कमी होईलच, शिवाय मुलांविषयी तुम्ही जे शपथेवर सांगितले आहे तेही डळमळेल. पत्नी काही कमावते म्हणून तिचा पोटगीचा हक्क जात नाही. भांडुपच्या घरात होते तसे राहणीमान आठ हजारांत दोन मुलांसह राखता येते का, हे पाहिले जाते. पोटगी मंजूर झाली तर ती अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्ज लवकर करा.

पतीच्या शपथपत्रात पगाराच्या पावत्या येतील. तिथे न थांबता देवगडच्या घराकडेही पाहा, कारण कोकणातल्या माणसाचे उत्पन्न पगाराच्या पावतीत संपत नाही. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस जणांची नावे सामाईक असतात आणि 'त्यातून मला काही मिळत नाही' असे सहज म्हटले जाते. हापूसची कलमे दरवर्षी कोणाला कराराने दिली जातात, रक्कम कोणाच्या खात्यात येते, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना न्याहरी-निवासासाठी दिल्या आहेत का, हे तुम्हाला दहा वर्षांच्या सुनेच्या नजरेतून माहीत आहे. जे माहीत आहे ते लिहा, जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच वकिलांना सांगा, आणि ऑनलाइन मिळणारा सातबाऱ्याचा उतारा काढून ठेवा. पत्र्याच्या पेटीत किंवा सासरच्या कपाटात राहिलेले तुमचे दागिने आणि भांडी यांची यादी आजच करा, लग्नातले फोटो त्याला उपयोगी पडतील.

पोटगीसाठी मालवणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या कलम १२५ खाली, किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करता येतो आणि त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. तिथे अर्ज केलात तर वांद्र्याच्या न्यायालयाला ते सांगणे बंधनकारक आहे, आणि एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे धरली जाते. दोन्हीकडे धावण्यापेक्षा एक जागा निवडा.

आता मुले. मुलगी चार वर्षांची आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असतो. 'साधारणपणे' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण आईकडे मुलाचे हित धोक्यात असल्याचे दिसले तर न्यायालय वेगळा विचार करू शकते, आणि तुमच्या पत्रात तसे काही नाही. पुढच्या वर्षी ती पाच पूर्ण करील म्हणून ताबा आपोआप वडिलांकडे जाईल ही भीतीही खोटी आहे. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात अज्ञानाचे, म्हणजे अल्पवयीन मुलाचे, हित सर्वश्रेष्ठ म्हटले आहे, आणि आईबापांचे हक्क त्यापुढे मागे पडतात. मुले ही मालमत्ता नव्हेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब यांच्या प्रकरणात सांगितले. मुलगा नऊ वर्षांचा आहे, तेव्हा न्यायाधीश त्याच्याशी आपल्या कक्षात, तुम्हा दोघांना बाहेर ठेवून बोलू शकतात, किंवा समुपदेशकाला त्याच्याशी बोलून अहवाल द्यायला सांगू शकतात. त्याच्या इच्छेला वजन असते, पण निर्णय त्याच्या इच्छेवर सोडला जात नाही, आणि तसे व्हावे अशी अपेक्षाही करू नका. भावंडांना सहसा वेगळे केले जात नाही, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. मुलाला पढवू नका. पढवलेले मूल पाच मिनिटांत ओळखू येते, आणि कोणी पढवले तेही.

तुमच्या विरुद्ध जाऊ शकते अशी एक गोष्ट पत्रात दिसते, तिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले नाही असे वाटते. दहा महिन्यांत मुले वडिलांना किती वेळा भेटली, हे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. अंतरिम ताब्याचा विचार करताना न्यायाधीश हे पाहतात की मुले ज्याच्याकडे राहतील तो पालक दुसऱ्याशी नाते टिकू देईल का. आपल्याकडे मुले आहेत म्हणून भेटी रोखणारी आई किंवा बाप, दोघेही आपलाच दावा कमजोर करतात. २०२० मध्ये यशिता साहू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे, आणि पालक दूर राहत असतील तर व्हिडिओ कॉलवरून भेटही ठरवून द्यावी. म्हणून न्यायालयाने सांगण्याची वाट न पाहता या आठवड्यापासून ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेला मुलांचे वडिलांशी बोलणे सुरू करा. त्या वेळी शेजारी बसून प्रश्न सुचवू नका. नेटवर्क जाते हे मला ठाऊक आहे, पावसात तर तासन्‌तास जाते. त्या दिवशी तसा एक संदेश पाठवून दुसरी वेळ द्या, म्हणजे टाळाटाळीचा आरोप राहणार नाही.

वेळापत्रक मुंबईच्या पद्धतीने लिहू नका. वांद्र्याला राहणाऱ्या दोन पालकांसाठी एकाआड एक शनिवार-रविवार आणि न्यायालयाच्या बालसंकुलातल्या भेटी ठीक असतात, पण मालवणहून नऊ वर्षांच्या आणि चार वर्षांच्या मुलांना दर पंधरा दिवसांनी गाडीत बसवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. तुमचे वेळापत्रक सुट्ट्यांभोवती बांधा. उन्हाळ्याच्या सुटीचा आणि दिवाळीच्या सुटीचा अर्धा-अर्धा भाग, शिमग्याचे दोन दिवस, वडील गावी आले की त्या दिवसांतली भेट आणि आठवड्यातले दोन-तीन ठरलेले फोन, एवढे त्यात असावे. मुलगी लहान असल्याने सुरुवातीला तिचे मुक्काम कमी ठेवावेत आणि वर्षभराने वाढवावेत, असेही लिहिता येते. मुलाच्या शाळेच्या दाखल्यात, आधारमध्ये किंवा नावात वडिलांना न विचारता काहीही बदल करू नका.

आणि गणपती. सासऱ्यांचा फोन हा दाव्यातला डाव आहे असे धरून चालू नका. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीवरची माटवी बांधताना नातू शेजारी असावा, असे म्हाताऱ्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. तुमची भीतीही तितकीच खरी आहे. ती दूर करण्याचा मार्ग तोंडी शब्दात नाही, कागदात आहे. तुमच्या वकिलांनी त्यांच्या वकिलांना पत्र लिहावे की, दोन्ही पक्षांचे दाव्यातले हक्क अबाधित ठेवून, मुले चतुर्थीच्या आदल्या दिवशी अमुक वाजता देवगडच्या घरी पोचवली जातील, गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अमुक वाजता अमुक ठिकाणी परत दिली जातील, या काळात त्यांना जिल्ह्याबाहेर नेले जाणार नाही आणि रोज संध्याकाळी आईशी फोनवर बोलणे होईल. हेच दोन्ही बाजूंच्या सह्यांनी न्यायालयात दाखल करून त्यावर आदेश घेता आला तर घ्या, कारण आदेश मोडणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागतो आणि पुढच्या ताब्याच्या सुनावणीत तेच त्याच्याविरुद्ध पहिले कागदपत्र होते. घरचा गणपती दीड दिवसाचा असला तर मुक्काम तेवढाच ठेवा. पतीने लेखी काही द्यायला नकार दिला, तर मुक्कामाला पाठवू नका, पण मुलांना घेऊन आरतीला स्वतः जा, सोबत भावाला न नेता एखादी वडीलधारी स्त्री न्या, आणि त्याच दिवशी परत या. तुम्हाला तिथे जाण्याने धोका वाटत असेल, तर देवगडमध्ये दुसऱ्या नातेवाइकांच्या घरी आजी-आजोबांची भेट ठरवा.

काकांच्या सल्ल्याविषयी थोडेच सांगते. छळ झाला असेल तर तक्रार हा तुमचा हक्क आहे, आणि उद्या अंगावर हात उगारला गेला तर ११२ ला किंवा महिलांसाठीच्या १८१ ला फोन करायला क्षणभरही थांबू नका. परंतु वठणीवर आणण्यासाठी केलेली तक्रार वेगळी. पूर्वीचे ४९८अ, आताचे न्याय संहितेतील कलम ८५, म्हणजे पती किंवा सासरच्यांनी केलेला छळ, हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. एकदा नोंद झाल्यावर मनात येईल तेव्हा मागे घेता येत नाही, ती मिटवायला उच्च न्यायालयात जावे लागते. सासू, सासरे, दीर, नणंद अशी सगळ्यांची नावे मोघम आरोपांसह घालण्यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट नापसंती दाखवली आहे. ज्या सासऱ्यांचे नाव तुम्ही आरोपीत घालाल, त्यांच्याच अंगणात मुलांना गणपतीला पाठवायचे आहे, हेही ध्यानात घ्या.

वाडीच्या बैठकीला मी सरसकट वाईट म्हणत नाही. सामान परत आणणे, मुलांना पोचवणे-आणणे, बोलणे बंद झालेल्या दोन घरांत निरोप नेणे, ही कामे वडीलधारी माणसे न्यायालयापेक्षा लवकर करतात. मात्र तिथे कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्पपेपरवर 'सोडचिठ्ठी' लिहून सही घेतली जाते, तसली सही करू नका. हिंदू विवाह अशा कागदाने मोडत नाही, जिथे समाजाची तशी रूढी सिद्ध झालेली आहे तो अपवाद वगळून, आणि एकरकमी पैसे घेऊन पोटगीवर पाणी सोडल्याचा कागद मात्र पुढे तुमच्यापुढे नाचवला जातो. मिटवायचेच झाले तर न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मिटवा. दोघांनाही वेगळे व्हायचे आहे असे पुढे ठरले, तर परस्पर संमतीचा अर्ज एक वर्ष वेगळे राहिल्यावर करता येतो. तुमचे ते वर्ष गणपतीनंतर पुरे होईल. त्यानंतरची सहा महिन्यांची वाट न्यायालय योग्य कारणाने माफ करू शकते, हे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पण मुलांची भेट, पोटगी आणि दागिने यांचे सगळे त्या अर्जातच लिहिलेले असल्याखेरीज सही करू नका, आणि सहीची घाई तर मुळीच करू नका. पतीला घटस्फोट हवा आहे म्हणून तुम्हालाही तो हवा असायला हवा, असे नाही.

राहिला मुलाचा प्रश्न. त्याला 'तुला कुठे जायचे आहे?' असे विचारू नका, कारण त्याचे कुठलेही उत्तर त्याला एका घराशी बेइमान झाल्यासारखे वाटायला लावील. वकिलांचे पत्र गेले आणि दिवस ठरले की कॅलेंडर घेऊन त्याच्याजवळ बसा आणि चतुर्थीपासूनच्या चौकटींवर बोट ठेवून सांगा, या दिवशी देवगड, या दिवशी मालवण, आणि या दिवशी तुला न्यायला मी बसस्टँडवर उभी असेन. दिवस ठरेपर्यंत 'अजून ठरले नाही, ठरले की पहिल्यांदा तुलाच सांगेन' एवढेच सांगा. नोटिशीवरची तारीख मात्र त्या कॅलेंडरवर लिहू नका. ती वेगळ्या वहीत लिहा आणि तारखेच्या किमान आठ दिवस आधी तालुका विधी सेवा समितीत जाऊन या.